हात सोडा म्हणणारा पाहुणा

आमच्या घाटघरच्या ओढ्याला नाव नाही, ओढाच म्हणतात. उन्हाळ्यात त्यातून शेळीसुद्धा पाय न भिजवता जाते. आषाढ-श्रावणात मात्र तो असा माजतो की अलीकडचा माणूस पलीकडच्याशी हातवारे करूनच बोलतो. जीवधन किल्ल्याच्या वाटेला लागायचं तर तो ओलांडावाच लागतो. म्हणून गावाचा एक कायदा आहे. पावसाळ्यात ओढ्यात एकट्यानं उतरायचं नाही. एकटे असाल तर दुसरं कोणी येईपर्यंत काठावर बसून राहायचं, आणि मग साखळी करून जायचं. बोटांत बोटं अडकवायची नाहीत, ओली बोटं निसटतात. मनगटाला मनगट धरायचं. पुढचा माणूस काठी रोवत जातो आणि दर पावलाला मागं वळून हात देतो.

तो पुढचा माणूस म्हणजे आमचे मालक, सोमनाथ. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हापासून बघते आहे, पावसाळा लागला की हा माणूस हात पुढं करूनच चालतो. किल्ला बघायला येणाऱ्या पोरांना वर नेणं हा त्यांचा धंदा, आणि खाली आल्यावर त्यांना नाचणीची भाकरी-पिठलं खाऊ घालणं हा माझा. देवळाच्या पायऱ्या उतरतानासुद्धा ते मागं हात करतात. मी कितीदा म्हटलं असेल की मला डोळे आहेत. पण एकदाही तो हात नको म्हटला नाही, हेही खरंच.

निरगुडसरचे कुंडलिकभाऊ आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचं खता-औषधांचं दुकान आहे आणि किल्ल्यांचं वेड आहे. लेक आरोही चालायला लागल्यापासून ते दर पावसाळ्यात तिला घेऊन यायचे, आता ती नोकरीला लागली तरी येतात. गेल्या वर्षी भाकरी खाता खाता ते म्हणाले, वहिनी, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला तुमचा डोंगर दाखवला, आता आम्ही तुम्हाला बर्फाचा दाखवतो. मला वाटलं पिठलं जरा जास्त आवडलेलं दिसतंय. पण दिवाळीनंतर आरोहीनं खरोखरच तिकिटं काढली.

आम्ही माघात हिमाचलात लाहौलला गेलो. पहिल्यांदा बर्फ पाहिलं तेव्हा काय वाटलं ते मला नीट सांगता यायचं नाही. मी चूळ भरायला बाहेर आले आणि तशीच उभी राहिले, तोंडातलं पाणी गिळून टाकलं. ज्याच्या घरी उतरलो होतो तोच आमचा वाटाड्या, अंगरूप. तिशीतला असेल, उन्हानं रापलेला आणि बोलायला कंजूष. त्याची आई मला मीठ घातलेला चहा द्यायची आणि मी संपवला की लगेच कप भरायची. मला तो अजिबात आवडायचा नाही, पण तिला ते सांगायचं धाडस माझ्यासारखीलाही झालं नाही.

पहिल्या दिवशी सरावाला म्हणून अंगरूपनं आम्हाला घरामागच्या टेकाडावर नेलं. बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली रुंद पाटे बांधले होते, त्यामुळं आम्ही सगळे बदकासारखे फेंगडे चालत होतो. लहानशी उतरण आडवी ओलांडायची होती. मालकांनी सवयीनं मागं हात दिला, मी तो धरला, माझा आरोहीनं, तिचा कुंडलिकभाऊंनी. कोणी कोणाला सांगावं लागलं नाही. चौघांची साखळी करून आम्ही निघालो आणि मागून तो माणूस ओरडला, "हाथ छोडो."

एवढा मोठा आवाज त्याच्यात आहे हे तोवर माहीत नव्हतं. मला राग आला. नवरा-बायकोनं हात धरला तर याच्या पोटात का दुखावं, असं मी मराठीत म्हणाले. त्याला शब्द कळले नसतील, सूर कळला असावा. तो फावडं घेऊन आला आणि काही न बोलता तिथंच खड्डा खणू लागला. छातीएवढा झाल्यावर त्यानं मला आत बोलावलं आणि खड्ड्याची भिंत दाखवली.

बर्फ म्हणजे सगळं एकच, असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. भिंतीत थर होते. वर घट्ट, पांढराशुभ्र, वाऱ्यानं दाबून बसवलेला. त्याच्याखाली बोटभर थर साखरेसारखा, सुटा आणि रवाळ. त्यानं हात लावला तर खळकन खाली सांडला. मग त्यानं वरच्या थरावर फावड्याचं पातं ठेवून तळहातानं थापटलं, तर वरची अख्खी लादी त्या साखरेवरून सरकून माझ्या पायावर आली.

मला ते लगेच समजलं, कारण जमीन सारवण्यात माझा जन्म गेला आहे. खालची माती धुरळट असेल तर वर कितीही सारवा, वाळलं की पापुद्रा सुटतो. इथं तेच होतं, फक्त पापुद्रा डोंगराएवढा. त्याला ते लोक काही म्हणोत, आमच्या भाषेत ती दरडच. आणि दरड म्हटल्यावर आंबेगाव-जुन्नरकडचा माणूस हसत नाही.

अंगरूपनं मग सांगितलं की अशा उतारावर एकेकानंच जायचं. एक जण पार पलीकडच्या खडकापर्यंत पोचला की मगच दुसऱ्यानं पाय टाकायचा. मध्ये थांबायचं नाही, मागं वळायचं नाही, आणि बाकीच्यांनी जाणाऱ्यावरची नजर हलवायची नाही. मालकांना ते पटेना. ते आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, आमच्याकडं एकट्याला सोडत नाहीत. त्यावर अंगरूप म्हणाला, "सब साथ दबे, तो खोदेगा कौन?"

सगळे एकदम गाडले गेले तर उकरणार कोण. मालकांनी मान हलवली. पण मान हलवणं वेगळं आणि अंगात मुरलेलं जाणं वेगळं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग वाऱ्यासकट असं बर्फ पडलं की आम्ही चुलीला चिकटून बसलो. आभाळ निवळलं त्या दिवशी सकाळी अंगरूपनं आम्हाला झाडीतल्या सौम्य चढानं वरच्या कुरणाकडं न्यायचं ठरवलं. प्रत्येकाच्या गळ्यात त्यानं एकेक यंत्र अडकवलं, माणूस बर्फाखाली गेला तर ते दुसऱ्याच्या यंत्राला खूण देतं. पाठपिशवीतही एकेक फावडं दिलं. मालकांचे लोकरीचे हातमोजे ओले झाले होते, म्हणून त्यांनी वरून कुंडलिकभाऊंच्या दुकानातले औषध फवारायचे केशरी रबरी हातमोजे चढवले. निघण्याआधी आरोही हसून हसून खाली बसली. मीसुद्धा म्हटलं, बर्फावर कीड पडली तर आपलं माणूस तयार आहे.

वाटेत एक अरुंद घळ आडवी होती. सकाळी ती दगडासारखी गोठलेली होती, एकेक करून सगळे पार झालो. पुढं कुरणाच्या अलीकडं चालताना पायाखाली धप्प असा आवाज झाला आणि आजूबाजूचं सगळं बर्फ जरासं खाली बसल्यासारखं वाटलं. खालची ती साखर दबल्याचा तो आवाज, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. अंगरूप मात्र जागीच थांबला, त्यानं वर बघितलं आणि परत फिरायला सांगितलं. कुरण समोर दिसत होतं. कुंडलिकभाऊ कुरकुरले, इतक्या लांबून आलो, जरा दहा पावलं. तो वाद घालायलाही थांबला नाही, सरळ उतरू लागला. मला त्याचा तो स्वभाव पहिल्यांदा आवडला.

घळीपाशी आलो तेव्हा तिच्यावर ऊन पडलं होतं आणि पलीकडून पुन्हा ढग चढत होते. थांबायची सोय नव्हती, दुसरी वाट नव्हती. बर्फ निघालंच तर पिशवी झटकन टाकता यावी म्हणून अंगरूपनं पाठपिशव्यांचे पट्टे सैल करायला लावले. त्याचा चुलतभाऊ आमच्यासोबत होता, तो आधी पार गेला. मग कुंडलिकभाऊ गेले, मग आरोही. मग मालक. मी आणि अंगरूप अलीकडं उभे होतो.

मालक नीट चालले होते. मध्यावर पोचले आणि थांबले. मी नजर हलवत नव्हते, म्हणून सगळं पाहिलं. त्यांनी पाय रोवले, मागं वळले आणि माझ्याकडं हात पुढं केला, तो केशरी हातमोजा घातलेला. त्यांना कळलंसुद्धा नसेल आपण काय करतो आहोत ते. मी मागं राहिले आहे एवढंच त्यांना दिसलं असणार.

आणि खोटं कशाला सांगू, माझा पाय उचलला गेला. तो हात पुढं झाला की माझा पाय आपोआप उचलतो, त्याला माझी परवानगी लागत नाही. अंगरूपनं मागून माझी पिशवी धरली आणि मला खाली बसवलं. तो मालकांना ओरडून पुढं जायला सांगत होता, तेवढ्यात त्यांच्या वरच्या अंगाला बर्फावर एक रेघ उठली. बारीक, काळपट, कोणीतरी विळ्यानं ओढावी तशी. मग रेघेखालचं सगळंच निघालं. आवाज फार मोठा झाला नाही. मालक उभेच्या उभे खाली गेले, एकदा हात दिसला, मग तोही दिसला नाही.

मी ओरडले नाही. का कोण जाणे, मला फक्त एवढंच आठवलं की नजर हलवायची नाही. अंगरूपनं वर पाहून घेतलं, आता उरलेलं काही सुटणार नाही याची खात्री केली आणि मला घेऊन उतरला. पलीकडून त्याचा भाऊ, कुंडलिकभाऊ आणि आरोही उतरले. सगळ्यांचे हात मोकळे होते, सगळे जिवंत होते, सगळ्यांकडं फावडी होती. तो खड्ड्यात काय सांगत होता ते मला तेव्हा कळलं.

अंगरूपच्या यंत्राचा आवाज वाढत वाढत एका जागी आला. पण त्याच्याही आधी मला बर्फात बोटभर केशरी दिसलं. मी तिकडं पडत-धडपडत गेले आणि ते धरलं. आत हात होता. मी मनगट धरलं आणि बाकीच्यांनी उकरलं. तोंड मोकळं झालं तेव्हा ओठ जांभळे पडले होते आणि डोळे मिटलेले होते. अंगरूपनं तोंडातलं बर्फ बोटानं काढलं, गालावर थापट्या मारल्या. मालक खोकले. पहिला श्वास घेऊन त्यांनी मला विचारलं, "तू आली न्हाईस ना?"

मी म्हटलं, "न्हाई आले. आले असते तर उकारलं कुनी असतं?"

मग मात्र मी रडले, आणि अंगरूपच्या आईनं दिलेली शाल पार ओली करून टाकली. मालकांचा खांदा उतरला होता, तेवढ्यावर निभावलं. निघताना मला अंगरूपला काहीतरी सांगायचं होतं. आमच्यात आभार मानायची रीत नाही. माणसाला घरी बोलवायचं, जेवू घालायचं, टॉवेल-टोपी देऊन बोळवायचं, हेच आमचं आभार मानणं. माझ्याकडं तिथं ना चूल होती ना टोपी. मी नुसती त्याच्यापुढं उभी राहिले आणि घाटघरला या, पाऊस बघायला या, एवढंच म्हणाले. तो म्हणाला, आमच्याकडं पाऊस नाहीच पडत म्हटलं तरी चालेल. मग तर याच, मी म्हणाले.

घरी आल्यावर खांदा चैत्रात बरा झाला. ज्येष्ठात मालकांनी बियाण्याची पोती एकट्यानं माळ्यावर चढवली. पण ओढ्याला पाणी आलं आणि किल्ल्यावर जाणारी पोरं आली, तेव्हा ते काठावर बसून राहिले. खांदा दुखतो म्हणाले आणि शेजारच्या चिमाजीला पुढं घातलं. पुढच्या खेपेलाही तसंच. चिमाजी भला माणूस, पण त्याला काठी कुठं रोवायची ते कळत नाही, पोरं गुडघे फोडून घ्यायची. गावात लोक विचारायला लागले. मी खांद्याचं नाव पुढं करायची आणि मनातून चडफडायची, कारण पोती कोणी चढवली ते मला माहीत होतं. देवळाच्या पायऱ्यांवरसुद्धा हा माणूस हात खिशात घालून उतरायचा. मी मागून एकटीच उतरायची. डोळे होते मला, पण बरं वाटायचं नाही.

भातलावणीच्या वेळी चिखलात वाकून वाकून पाठ मोडली तेव्हा मी विचारलंच. किती दिवस हे चालणार? ते रोप लावत राहिले. मग म्हणाले, "म्या हात केला आन् तू पाय उचाललास. म्या बगितलं व्हतं. त्यो मानूस नसता तर माज्याच हातानं गेली असतीस तू."

मी त्यांच्या शेजारी रोपं लावत राहिले. तो हात परत पुढं व्हावा एवढंच मागणं मी त्या पावसात देवाजवळ केलं.

श्रावणात कुंडलिकभाऊ आणि आरोही अंगरूपला घेऊन आले. गाडीतून उतरला तो पावसात तसाच उभा राहिला. तोंड वर केलं, डोळे मिटले, अंगावरून पाणी वाहू दिलं. मी छत्री घेऊन धावले तर आरोहीनं मला थांबवलं. म्हणाली, मावशी, तुम्ही बर्फात अशाच उभ्या होतात.

त्याला मी नाचणीची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी आणि भारंगीची भाजी वाढली. पान रिकामं झालं की लगेच वाढायची, त्याच्या आईचा मीठचहा मी विसरले नव्हते. जेवणावर मालकांनी त्याला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. पांढरी टोपी त्याच्या डोक्यावर इतकी शोभली की चिमाजीची म्हातारी त्याला आपल्याकडचाच कोणी पाहुणा समजून सोयरीक विचारायला लागली. मालक त्याच्या पाया पडायला वाकले, तर त्यानं वरच्यावर धरलं.

दुसऱ्या दिवशी जीवधनला जायचं ठरलं. चिमाजी नेमका जुन्नरला गेला होता. ओढा भरून चालला होता, गढूळ, दगडांवर आपटत. अंगरूप काठावर आला आणि मागं सरकला. बर्फात बिनधास्त चालणारा तो माणूस पाण्याकडं बघून पांढरा पडला. त्याला पोहता येत नव्हतं. पण मानी माणूस, कबूल करायचा नाही. म्हणाला, तुम्ही सगळे आधी जा, मी मागून एकटा येतो, एकेक जण जाऊ. आणि पुढच्यानं पार होण्याची वाट बघत तो शिस्तीत उभा राहिला, त्याच्या डोंगरावर उभा राहायचा तसा.

मी म्हटलं, "एकेक न्हाई, भाऊ. हितं सुटा मानूस वाहून जातो." आणि मग आमच्या मालकांकडं बघितलं. कुंडलिकभाऊ पुढं व्हायला निघाले होते, मी त्यांची बाही धरली.

मालक काठावरच्या दगडावर बसले होते. ते अंगरूपकडं बघत होते. भ्यालेलं माणूस काठावर उभं आहे आणि आपण बसलो आहोत, हे त्यांच्यानं सोसवेना, एवढं मी ओळखते त्यांना. ते उठले. काठी घेतली, पाण्यात उतरले, दोन पावलं गेले, पाय रोवले. आणि मागं वळून हात पुढं केला.

अंगरूपनं त्यांची बोटं धरली. मालकांनी ती सोडवली आणि त्याचं मनगट धरलं. त्याचं दुसरं मनगट मी धरलं, माझं आरोहीनं, तिचं कुंडलिकभाऊंनी. मध्यावर अंगरूपचा पाय निसटला आणि तो छातीपर्यंत पाण्यात गेला. दोन्हीकडून साखळी ताठ झाली. मालक हलले नाहीत, मीही हलले नाही. तो पुन्हा पायावर उभा राहिला. तेव्हा त्या पाण्यातच मी त्याला म्हणाले, भाऊ, माझं माणूस तुझ्यामुळं आहे, मी तुझे उपकार कधी विसरायची नाही. पाण्याचा आवाज एवढा होता की त्याला ऐकू गेलं नसेल. पण मला म्हणायचं होतं, ते मी म्हणून घेतलं.

पलीकडच्या काठावर सगळे वर आलो. आरोहीनं माझा हात सोडला, मी अंगरूपचा. अंगरूपनं मात्र मालकांचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, त्याच्या ते लक्षातच नव्हतं. मालकांनी थोडा वेळ वाट बघितली. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन अगदी हळू म्हणाले, "हाथ छोडो."

अंगरूप आधी दचकला आणि मग इतका हसला की टोपी पडली. मालकही हसले, माघानंतर पहिल्यांदाच. आम्ही कपडे पिळले आणि किल्ल्याच्या वाटेला लागलो. पहिल्याच चढाला मालकांनी मागं न बघता माझ्याकडं हात केला. वाट चांगली रुंद होती आणि मला डोळे होते, तरी मी तो धरला.